एचआयव्ही आहे आणि खोकला धरलाय? मेडिकलवर जायच्या आधी हे करा

"भाऊ, खोकल्याचं काहीतरी द्या" म्हटलं की आपल्या जळगाव-धुळ्याकडे तीन गोळ्यांची अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची पट्टी सहज हातात पडते. एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) चालू असलेल्यांनी हे करू नका. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) २०० च्या खाली असेल तर छातीचं इन्फेक्शन झपाट्याने वाढतं, आणि अर्धवट डोसात जे जंतू वाचतात ते पुढच्या वेळी त्या गोळीला दाद देत नाहीत. माझ्या मते सगळ्यात घातक लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक, कारण ती टीबीवरही थोडी चालते, चार दिवस बरं वाटतं, टीबी झाकला जातो आणि जंतू तिला सरावतो, मग उद्या एमडीआर टीबी (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा) निघाला तर कामाची एक गोळी हातची गेलेली असते. पट्टीच्या मागे उभी लाल रेघ असली तर चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नाही.

खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम, यातलं एक जरी असलं तरी एआरटी सेंटरला लगेच जा. दोन आठवडे थांबून बघायचं हे आपल्यासाठी नाही. "कापूस वेचणी चालू आहे, धूळ बसली असेल" हे तर दरवर्षी ऐकायला मिळतं.

आता तपासणीचा बेडका. अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी द्यायचा. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, मोकळ्या हवेत माणसांपासून लांब उभे राहा, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढा. नुसती लाळ चालत नाही, घट्ट बेडका पाहिजे, चमचाभर तरी. डबीचं झाकण घट्ट लावून त्याच दिवशी पोचवा, आणि मे महिन्यात डबी मोटरसायकलच्या डिकीत तापत ठेवू नका म्हणजे झालं.

सीबीनॅट मशीन साधारण दोन तासात सांगतं की टीबी आहे का आणि त्यावरचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडेल का. पण बाकीचे जंतू त्यात दिसत नाहीत, म्हणून टीबी निगेटिव्ह आला की घरी न पळता "कल्चर लावायचं का?" असं डॉक्टरांना विचारा. कल्चरला (बेडक्यातले जंतू वाढवून बघायला) दोन-तीन दिवस लागतात पण कुठलं औषध चालेल ते कळतं. मागच्या काही महिन्यात अ‍ॅडमिट होता का, कुठली अँटिबायोटिक घेतली, हेही सांगा, दवाखान्यातले जंतू जास्त चिवट असतात.

खाजगी डॉक्टरकडे गेलात तरी एचआयव्ही लपवू नका. रिफाम्पिसिन चालू झालं की डोल्युटेग्राव्हिर ही एआरटीतली गोळी कमी पडते, दिवसाला एकाच्या दोन कराव्या लागतात. गावात कळेल ही भीती खरी आहे, पण २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, कोर्टाचा आदेश वगैरे मोजके अपवाद सोडले तर, तुमच्या परवानगीशिवाय ते कोणाला सांगता येत नाही. तालुक्याला नको वाटत असेल तर सरळ जिल्ह्याला जा.

मिनिटाला ३० च्या वर श्वास, ३९ डिग्री सेल्सिअसच्या (साधारण १०२ फॅरेनहाइट) वर ताप, ऑक्सिजन ९४ च्या खाली, किंवा आधाराशिवाय चालता येत नाही, असं असेल तर बेडक्यासाठी थांबू नका, १०८ ला फोन.

सेप्ट्रानची मोठी गोळी (इन्फेक्शन होऊ नये म्हणून घ्यायची) सेंटरने दिली असेल तर बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका. बिडी सोडा. न्यूमोनियाच्या लसीचं पण विचारून घ्या, आणि काही अडलं तर १०९७ ही एचआयव्हीची हेल्पलाइन फुकट आहे.