एप्रिलमध्ये एक्स्ट्रेमादुराला पक्षी बघायला जाताय? मग आधी हे वाचा

पहिलं म्हणजे सात दिवसांत अख्खा दक्षिण स्पेन उरकायचा प्लॅन करू नका. दोन्यानाचं पाणथळ पण करू, दक्षिण टोकाच्या तारिफाला समुद्र ओलांडून येणारे शिकारी पक्षी पण बघू आणि जमलं तर वर मोनफ्राग्वेचं राष्ट्रीय उद्यान, असं ठरवलं की अर्धी सुट्टी गाडीत जाते. एकच भाग धरा, एक्स्ट्रेमादुरा, म्हणजे पोर्तुगालला लागून असलेला स्पेनचा प्रांत (मोनफ्राग्वे त्यातच येतं). त्रुहियो गावात मुक्काम टाका आणि चार-पाच रात्री तिथून हलूच नका.

तारखा म्हणाल तर एप्रिलचे शेवटचे दहा-बारा दिवस. मार्चअखेर गेलात तर तिथल्या माळढोकांचा नाच जोरात असतो पण नीलपंख अजून आफ्रिकेतून पोचलेले नसतात, आणि मे अर्धा सरला की गवत वाळतं, ऊन तापतं. ईस्टरच्या आधीचा आठवडा शक्यतो टाळा, हॉटेलं फुल असतात.

माद्रिद एअरपोर्टवरच गाडी भाड्याने घ्या, ए-५ हायवेने त्रुहियोला साधारण अडीच तास लागतात. गाडीशिवाय माळावर फिरणं अवघड आहे. पंपावर एक घोळ होतो बघा, 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलेओ' म्हणजे डिझेल, नावं इतकी सारखी की मी नोझल हातात धरून पाच मिनिटं नुसता उभा होतो.

आता माळ. त्रुहियोच्या जवळ बेलेन आणि सांता मार्ता दे मागास्का या दोन बाजूंना जा. सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो (घड्याळ तिथे उशिराचंच आहे), तेव्हा उजाडायच्या आत पोचा. इथे ग्रेट बस्टर्ड असतो, आपल्या माळढोकाचा भाऊबंद. नर रंगात आला की पंख-शेपटी उलटी करून अख्खा पांढरा गोळाच होतो, लांबून वाटतं कोणीतरी शेतात उशी फेकलीय! फक्त गाडीतून उतरू नका. गाडीला पक्षी फारसे भीत नाहीत, माणूस दिसला की चालू लागतात. जमिनी खासगी आहेत, तारेच्या आत जायचं नाही आणि वाटेतलं फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. अकरानंतर जमिनीवरची हवा थरथरायला लागते, मग स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) असून उपयोग नाही. सांता मार्ताच्या रस्त्यावर खांबांना लावलेल्या पेट्या मात्र बघत चला, त्यांत नीलपंख घरटी करतात. तारांवर वेडे राघू, आपल्याकडच्यांपेक्षा जास्त रंगीत. हुदहुद तर आपलाच, तोच तो.

मोनफ्राग्वेला उलटं, तिथे पहाटे धावायची गरज नाही. गिधाडं ऊन तापून हवा वर चढायला लागली की उडतात, म्हणजे दहाच्या पुढे. साल्तो देल गितानो या पॉइंटला थांबा, समोर ताहो नदीपलीकडे पेन्या फाल्कोनचा कडा आहे. ग्रिफन गिधाडं डोळ्यांच्या रेषेत, कधी कधी तर खालून जातात. कड्याच्या कपारींत काळा करकोचा शोधा, तो पटकन दिसत नाही. वरच्या किल्ल्यावर गेलात तर गिधाडांच्या पाठी बघायला मिळतात. स्पॅनिश इंपीरियल ईगल हवा असेल तर पोर्तिया देल तिएतार या उद्यानातल्याच दुसऱ्या पॉइंटला दोन तास काढायची तयारी ठेवा. दिसेलच असं नाही, मला दुसऱ्या दिवशी दिसला.

आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपचा त्या भागाचा पॅक आधीच डाउनलोड करा. आवाज वाजवून पक्षी बोलवू नका प्लीज, विणीचा हंगाम असतो.

जेवायचं तंत्र वेगळं आहे, दुपारी दोन ते पाच बरीच दुकानं बंद आणि रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. सुरुवातीला चिडचिड झाली. पण तोवर त्रुहियोच्या बुलरिंगपाशी (बैलझुंजीच्या मैदानापाशी) जाऊन उभं राहा, संध्याकाळी लेसर केस्ट्रेल, म्हणजे छोटे ससाणे, कौलांखालच्या घरट्यांत ये-जा करत असतात. अंधार पडायला साडेनऊ वाजतात.