‘ट्रू ग्रिट’ची डिस्क घरी येण्याआधी

जुन्या वेस्टर्नचा, म्हणजे घोडे-बंदुकांच्या अमेरिकन चित्रपटाचा, रीमेक थिएटरात हुकला आणि आता त्याची डिस्क येणार असं कळलं, की मधले दिवस वाया घालवू नका. डिस्क हातात पडल्यावर तयारीला लागलं तर तो चित्रपट अर्धाच मिळतो. हे मी २०११ साली शिकले. कोएन बंधूंनी नव्याने दिग्दर्शित केलेला ‘ट्रू ग्रिट’ आम्हाला थिएटरात पाहता आला नाही, कारण नेमकं तेव्हाच बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. अमेरिकेत डिस्कची तारीख होती ७ जून. आपल्याकडे त्याच सुमाराला मृग लागतो. न्यू जर्सीचा भाचा सुट्टीला नागपूरला येणारच होता, त्याला डिस्क आणायला सांगितली आणि धरमपेठेतल्या आमच्या घरी तयारी सुरू झाली.

सगळ्यात आधी जुना चित्रपट पाहून घ्या, तोही डिस्क यायच्या तीन-चार दिवस आधी. त्याच रात्री पाहिला तर दोन्हींची सरमिसळ होते, आणि महिनाभर आधी पाहिला तर बारकावे विसरतात. हेन्री हॅथवेचा ‘ट्रू ग्रिट’ १९६९चा. जॉन वेनला त्याच्या आयुष्यातलं अभिनयाचं एकमेव ऑस्कर त्यानेच मिळवून दिलं. पाहताना वही घेऊन बसा. पूर्ण कथा लिहायची गरज नाही, चार-पाच जागा टिपल्या की पुरे. माझ्या वहीत होतं: वेनच्या डोळ्यावरची पट्टी डावीकडे. कथेतली पोर मॅटी झालेली किम डार्बी विशी ओलांडलेली. मागे कोलोरॅडोचे डोंगर आणि पिवळी झाडं. घोड्याचा लगाम दातांत धरून दोन्ही हातांनी गोळ्या झाडत चौघांवर एकट्याने घेतलेली धाव.

नव्यात वेनचीच भूमिका करणाऱ्या जेफ ब्रिजेसची पट्टी उजव्या डोळ्यावर आहे. मॅटी झालेली हेली स्टाइनफेल्ड चित्रीकरणाच्या वेळी १३ वर्षांची होती, त्यामुळे चौदा वर्षांची पोर बापाच्या खुन्यामागे निघालीय हे सांगावं लागत नाही, दिसतं. दोन्हींचं मूळ चार्ल्स पोर्टिसच्या १९६८च्या कादंबरीत आहे. जमलं तर मधल्या दिवसांत तीही वाचा, लहानशी आहे. म्हातारी झालेली मॅटी ती स्वतः सांगते, आणि कोएन बंधू त्या आवाजाकडेच परत गेले. म्हणून दोन्ही चित्रपटांचे शेवटही वेगळे आहेत. ते इथे फोडत नाही.

आता डिस्कबद्दल. परदेशातून मागवत असाल तर डबीचं मागचं झाकण नीट वाचून घ्या. डिस्कवर रीजन, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड, असतो. डीव्हीडीला अमेरिकेचा रीजन १ आणि आपला ५. ब्लू-रेला अमेरिकेचं अक्षर ए, आपलं सी. काही डिस्क सगळीकडे चालतात, पण तसं गृहीत धरू नका. मी एकदा बर्डीवरच्या एका दुकानातून हौसेने एका वेस्टर्नची डीव्हीडी आणली होती. रविवारी सगळे जेवून बसले, डिस्क आत गेली आणि निळ्या पडद्यावर एकच ओळ: रीजन कोड चुकीचा. बाबा काहीच बोलले नाहीत, उठून झोपायला गेले. ते अजूनही मला लागतं. तेव्हापासून प्लेअरचं मॉडेल कोणते रीजन वाचतं हे मी कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवलंय. ४के डिस्कला मात्र रीजनची भानगडच नाही.

डीव्हीडी की ब्लू-रे, असं विचाराल तर या चित्रपटासाठी ब्लू-रेच घ्या. अमेरिकन डीव्हीडीत चित्राच्या ४८० ओळी असतात, ब्लू-रेत १०८०. छायाचित्रकार रॉजर डीकिन्सने इथे रात्री आणि कंदिलाचे उजेड असे टिपलेत, की कमी दर्जाच्या चित्रात ते सगळं काळं ढेकूळ होऊन जातं.

टीव्हीसाठी एक अख्खी संध्याकाळ ठेवा. दुकानातून आलेला टीव्ही बहुतेक वेळा भडक मोडवर असतो. तो सिनेमा मोडवर आणा, रंगाची छटा उबदार करा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर घोड्यांची दौड मालिकेतल्या दृश्यासारखी दिसते. आमच्याकडे हे बाबांमुळे लक्षात आलं. ऑपरेशननंतर ते सारखे म्हणायचे, “अगं, सगळं निळं निळं दिसून राहिलं.” डॉक्टरांनी समजावलं, की जुनं पिवळट भिंग निघालं की काही दिवस असं वाटतं. पण मी टीव्हीची छटा बदलली तेव्हा बाबा स्वतःच म्हणाले, “हां, आता माणसाच्या चेहऱ्यासारखा चेहरा दिसतो.” म्हणजे अर्धा दोष टीव्हीचा होता.

आणि कूलर! नागपुरात जूनमध्ये कूलरशिवाय बसणं अशक्य, आणि कूलर चालू असताना जेफ ब्रिजेसचं घोगरं बोलणं ऐकणंही अशक्य. तेव्हा चित्रपटाआधी दोन तास खोली पूर्ण वेगात गार करून घ्या, पडदे ओढा, मग पंखा मंद करून पंप बंद ठेवा. प्लेअर कूलरच्या झोतात नको, ओलाव्याने डिस्कवर वाफ धरते. धरलीच तर मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. इंग्रजी सबटायटल लावा, त्यात कमीपणा काही नाही. या चित्रपटातली माणसं जुन्या धाटणीचं, शब्द न तोडता बोलतात, म्हणजे ‘डोन्ट’ऐवजी ‘डू नॉट’. मॅटी बापाच्या तट्टांवरून व्यापाऱ्याशी घासाघीस करते तो प्रसंग तर शब्दाशब्दाने ऐकायचा आहे. आमची आजी इतवारीत भांड्यांचा भाव करायची ना, तसाच: आवाज चढत नाही आणि पोर तसूभर मागे हटत नाही.

चित्रपट संपल्यावर लगेच लाइट लावू नका. नावं सुरू होतात तेव्हा १८८७ सालचं एक जुनं भजन लागतं. संगीतकार कार्टर बर्वेलने त्याचीच चाल आधी ठिकठिकाणी पार्श्वसंगीतात विणलेली असते, आणि इथे ते पहिल्यांदा शब्दांसकट ऐकू येतं. भाचा उठायला लागला तेव्हा बाबांनी हातानेच त्याला बसवलं.

गाणं संपलं. साडेअकरा वाजून गेले होते, खोली परत तापली होती. मी कूलरचा पंप सुरू केला. बाबा चष्मा पुसत म्हणाले, “तो पहिला काढ आता. लगाम दातात धरतो, तेवढंच दाखव.”