एकगठ्ठा वर्गणीची नोंद करताना
कापसाचे चुकारे हाती पडले की विदर्भातल्या खेड्यापाड्यांतील शेतकरी गटांकडे आणि वाचनालयांकडे वार्षिक वर्गणी एकदमच जमा होऊ लागते, आणि मग सभासद-नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक पावती चढवताना एखादी नोंद हमखास दुबार होते. अशा वेळी सर्व रकमा एक्सेलच्या तक्त्यात लिहून त्याची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) एकत्र चढवावी. सभासद नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखावा. एका गावात एकाच नावाची दोन माणसे असायचीच. सभासद क्रमांकाचा आणि यूपीआय संदर्भाचा रकाना आकडे भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ स्वरूपाचा करावा, अन्यथा ००४७ चा ४७ होतो आणि १२ अंकी संदर्भ क्रमांक घातांकाच्या रूपात (1.23E+11 असा) आखडतो. तो तसाच सीएसव्हीत जतन झाला, तर मूळ आकडा त्या फाईलमधून परत मिळत नाही. तारीख पैसे मिळाल्याची लिहावी, कारण ३१ मार्चनंतर आर्थिक वर्ष बदलते. फाईल चढवण्यापूर्वी तक्त्यातील बेरीज रोख रक्कम व बँकेचा खातेउतारा यांच्याशी जुळवावी. मध्येच वीज गेल्यास (ती जातेच) फाईल लगेच पुन्हा चढवू नये. आधी किती नोंदी झाल्या ते तपासून उरलेल्या ओळीच पाठवाव्यात.