ब्राँझसाठी मोठा घोडा घडवताना

सातारा जिल्ह्यात अश्वारूढ पुतळ्यांच्या मातीकामाला हाताखाली येणारे बहुतेक विद्यार्थी घोड्याचा विचार डोळ्यांपासून, आयाळीपासून किंवा फुललेल्या नाकपुड्यांपासून सुरू करतात. माझ्या मते मोठ्या घोड्याचा निकाल पायांत लागतो आणि तोही माती लावण्यापूर्वी, सांगाडा जोडतानाच लागलेला असतो.

अभ्यासासाठी फार दूर जावे लागत नाही. पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी भाड्याचे घोडे असतात. मालकांना विचारून त्यांच्या सांध्यांची रेखाटने करावीत. ही जनावरे लढाईच्या घोड्यांसारखी भरदार नसतात, पण त्यांच्या सडपातळ अंगामुळेच हाडे कोठे वर येतात ते स्पष्ट दिसते. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो तो रचनेने आपल्या मनगटाच्या जागी असतो, मागच्या पायाचा मागे निघालेला कोन म्हणजे टाच असते, आणि खांदा छातीला जोडणारे हाड घोड्याला नसल्यामुळे पुढचे पाय धडाला स्नायूंनीच बांधलेले असतात. उभ्या घोड्याचा सुमारे ६० टक्के भार याच पायांवर असतो. हे ठाऊक नसले की खांदा दगडासारखा गच्च होतो, मग वरून कितीही शिरा काढल्या तरी उपयोग होत नाही.

चाल ठरवतानाही निरीक्षणच कामी येते. दुडक्या चालीत कर्णरेषेतले दोन पाय एकत्र उचलले जातात. चौखूर धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली एकवटलेले असताना; जुनी चित्रे दाखवीत तसे पुढेमागे ताणलेले असताना नव्हे, हे एडवर्ड मायब्रिज यांच्या १८७८ च्या छायाचित्रांनी सिद्ध केले. पुतळा समितीतील कोणीतरी हमखास विचारते की, एक पाय उचललेला म्हणजे स्वार जखमी होऊन वारला असाच अर्थ ना? असा कोणताही नियम नाही. किती पाय उचलायचे ते भार कसा पेलणार यावरून ठरवावे.

आधी छोटे मॉडेल पक्के करून मगच मोठे करावे. लांबी, रुंदी आणि उंची दीडपट झाली की पृष्ठभाग आणि पायाचा छेद सव्वादोनपट होतो, आकारमान आणि त्यासोबत वजन मात्र जवळजवळ साडेतीनपट होते; म्हणूनच लहान मॉडेलमध्ये सहज उभा राहिलेला पाय मोठ्यात वाकतो. मातीच्या घोड्याचा मुख्य भार पोटाखालून उभ्या केलेल्या जाड लोखंडी पाइपवर द्यावा आणि पायांत फक्त त्यांच्या स्वतःच्या मातीपुरते गज ठेवावेत. पोकळी थर्मोकोलने भरली तर माती कमी लागते. पोटाखालची माती खाली सुटू नये म्हणून तारेने टांगलेल्या लाकडी फुल्या आत अडकवाव्यात. उन्हाळ्यात ओली फडकी आणि वरून प्लास्टिक यांत हयगय चालत नाही.

पोटाखालचा आधार ब्राँझमध्ये राहत नाही, त्यामुळे धातूचा भार आधीच मोजावा. एक चौरस मीटर पृष्ठभाग ६ मिलिमीटर जाडीने ओतला तर सुमारे ५३ किलो धातू लागतो. खऱ्या घोड्याएवढ्या आकाराला पाचेक चौरस मीटर धरले तरी पाव टनाहून अधिक वजन होते, त्यात स्वार, खोगीर आणि आतला सांगाडा वेगळाच. जमिनीवर टेकलेल्या पायांतून स्टेनलेस स्टीलचा आधार चौथऱ्यात खोल उतरला पाहिजे, आणि त्याचा आराखडा स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासून घ्यावा. थंड होताना ब्राँझ दीड-दोन टक्के आकसते, ते मापात आधीच धरावे.

किर्लोस्करवाडीमुळे सांगली जिल्ह्याला यंत्रभागांच्या ओतकामाची जुनी परंपरा आहे, पण पंप ओतणे वेगळे आणि मेणावरून, म्हणजे मेणाच्या प्रतीभोवती साचा करून व मेण वितळवून त्या जागी धातू भरून, पातळ भिंतीचे शिल्प ओतणे वेगळे. म्हणून फाउंड्री निवडताना तिने ओतलेले पुतळे प्रत्यक्ष पाहावेत, विशेषतः जोडांच्या जागा. सार्वजनिक पुतळ्याच्या मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. ती हाती येईपर्यंत साचा काढू नये. फाउंड्रीशी करार करताना मिश्रधातूचे प्रमाण (तांबे ८५, आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५ टक्के हे नेहमीचे), भिंतीची जाडी, आतल्या आधाराचे काम कोणाकडे, आणि ओतण्यापूर्वी मेणाची प्रत दुरुस्त करायला शिल्पकाराला किती दिवस मिळणार, हे सारे लेखी घ्यावे.