प्राध्यापकाची जागा आणि पोस्ट-डॉक कशी शोधावी

पात्रतेपासून सुरुवात करा. सहायक प्राध्यापक पदासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण (मागासवर्गीयांना ५०) आणि नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्यपातळीवरची) हवी. १ जुलै २०२३ पासून पीएचडी सक्तीची नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती सेट महाराष्ट्र-गोव्यापुरती आहे. बेळगाव किंवा इंदूरकडे नजर असेल तर नेटच द्या.

मग जाहिराती. मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही वर्तमानपत्रं आणि विद्यापीठांची संकेतस्थळं दर आठवड्याला न चुकता पाहा, कारण अर्जाला बहुधा पंधराच दिवस मिळतात.

जाहिरात हाती आली की ती सावकाश वाचा. पहिला प्रश्न: जागा अनुदानित आहे का? अनुदानित पूर्णवेळ जागेचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं आणि पगार शासन देतं. विनाअनुदानित जागेचा पगार संस्थेच्या हातात, तेव्हा आकडा आधी विचारून घ्या. त्यात संकोच कसला? दुसरा प्रश्न: बिंदुनामावलीनुसार (आरक्षणानुसार जागा वाटणारा तक्ता) जागा कोणत्या प्रवर्गाची आहे? राखीव जागेच्या अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाकडेही पाठवायला अनेक जाहिरातींत सांगितलेलं असतं. ही ओळ तळाशी बारीक अक्षरात असते आणि हमखास नजरेतून सुटते.

तोवर बरेच जण तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवतात. मीही दोन वर्षं शिकवलं. पहिल्या वर्षी महाविद्यालयाने माझ्या नेमणुकीला मान्यता मागणारा प्रस्ताव विद्यापीठाकडे पाठवलाच नाही. मुलाखतीत अनुभवाचं पत्र पुढे केलं, तर समितीतल्या बाईंनी ते उलटून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "सर, अप्रूव्हल कुठंय?" ते वर्ष धरलं गेलं नाही. म्हणून रुजू होताना प्राचार्यांकडे विद्यापीठ मान्यतेचा विषय काढाच. मान्यतेचं पत्र, नेमणुकीचा आदेश, अनुभवाचा दाखला असं सगळं एका फायलीत लावून ठेवा.

पोस्ट-डॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या कामाची, वाट वेगळी. इथे जाहिरातीआधी माणूस शोधायचा. पीएचडीचा प्रबंध सादर होण्याच्या वर्षभर आधीपासून, ज्यांचं काम तुम्ही खरंच वाचलंय अशा पाच-सहा संशोधकांना लिहा. विज्ञानाच्या संशोधन संस्था म्हणाल तर पुण्यात आयसर, एनसीएल, आयुका आहेत, मुंबईत टीआयएफआर. सामाजिक शास्त्रांना आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद) पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आहे. युरोपात जायचं असेल तर युरोपीय संघाच्या मेरी क्युरी फेलोशिपचे अर्ज साधारणपणे सप्टेंबरपर्यंत घेतात. त्यातली अट नीट पाहा: ज्या देशात जायचंय तिथे गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही.

पत्र एका पानाच्या आत बसवा. 'आदरणीय सर, मला संधी द्यावी' अशी सुरुवात नको. त्यांच्या कुठल्या लेखातला कुठला प्रश्न तुम्हाला पुढे न्यायचाय आणि त्यासाठी कोणतं तंत्र तुमच्या हातात आहे, हे पहिल्या तीन ओळींत यायला हवं. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, आणि यादीतल्या पुढच्या नावाला लिहायला घ्या.