कुऱ्हाड लावण्याआधी बांधावरची बोरं चाखून बघा

संक्रांतीच्या सुगडासाठी आणि बोरन्हाणासाठी बाजारात गावरान बोरं दिसू लागली, की बांधावरच्या, माळावरच्या बोरींची पाहणी करून घ्यावी. हे काम फळ झाडावर असतानाच होतं. उन्हाळ्यात पानं गळाली की सगळ्या बोरी सारख्याच दिसतात, आणि छाटणी नेमकी तेव्हाच होते.

बोरीत परपरागण होतं, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातात, त्यामुळे बियांवर उगवलेलं प्रत्येक झाड निराळं निघतं. एकाच बांधावर एकाचं फळ गोल आणि आंबट, दुसऱ्याचं लांबट नि गरदार, तिसऱ्याचं म्हणजे सालीत गुंडाळलेली नुसती बी! उमराण या कलमी वाणाच्या बागेत हे नाही. तिथलं प्रत्येक झाड डोळा भरून, म्हणजे एका झाडाच्या काडीवरचा डोळा (कळी) दुसऱ्या रोपावर बसवून केलेलं, म्हणून मुळात एकच. फळमाशी किंवा भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) आली की सगळी बाग एकदमच सापडते.

नुसत्या चवीवर मात्र जाऊ नका. विहिरीच्या पाटालगतची बोर मोठं फळ देते ती पाण्याच्या जिवावर. म्हणून मुरमाड जागेवरची झाडं आधी बघा. प्रत्येकाची २० पिकली फळं तोला, मग त्यांच्या बिया तोला. गराच्या मानाने बी जितकी हलकी, तितकं झाड कामाचं. फळं फोडताना किती किडकी निघाली, तेही वहीत लिहा. शेजारची झाडं अळीने भरलेली असताना एखाद्याची फळं स्वच्छ असतील, तर ते झाड गोडीला थोडं कमी असलं तरी सोडू नये. माझ्या मते सगळ्यांत मोलाचं तेच. फक्त ते लवकर किंवा उशिरा पिकून माशीच्या तावडीतून सुटलेलं नाही ना, हे पुढचे दोन हंगाम ताडून बघा. त्यासाठी पिकण्याची तारीख लिहून ठेवावी लागते. निवडलेल्या झाडाला रंगाचा पट्टा मारा, म्हणजे सरपणाला जाणार नाही.

खुंटासाठी, म्हणजे निवडलेल्या झाडाचे डोळे ज्यावर भरायचे त्या रोपासाठी, पिकल्या फळांच्या बिया धुऊन सावलीत वाळवा, पाण्यात तरंगतील त्या टाकून द्या. टणक कवच अलगद फोडून आतली बी पेरली तर साधारण आठवड्यात उगवते, अख्खी पेरली तर तीन-चार आठवडे लागतात. बोरीचं सोटमूळ खोल जातं आणि उपटून लावलेलं तिला सोसत नाही. त्यामुळे पावसाच्या तोंडावर कायमच्या जागीच बी टोकावी, नाहीतर लांब पिशवीत रोप करावं.

बांधावरची निरुपयोगी बोर असेल तर एप्रिल-मेमध्ये हात-दीड हात खोड ठेवून कापा आणि जोमदार फुटव्यांवर पावसाळ्याच्या सुरुवातीला डोळे भरा. निवडलेल्या झाडाचीही तेव्हाच हलकी छाटणी केली की डोळकाडीला, म्हणजे डोळे काढायच्या काडीला, नवी फूट मिळते. सगळ्या खुंटांवर एकाच झाडाचे डोळे मात्र नकोत. बोरीच्या कित्येक वाणांत स्वतःच्या परागाने फळधारणा नीट होत नाही, तीन-चार झाडांचे डोळे मिसळून भरा.

वनहद्दीतल्या बोरीची काडी घ्यायची असेल तर आधी वन विभागाची परवानगी काढा.