प्रदर्शनासाठी टायटॅनियमची ट्रॅक सायकल कशी घडवावी

२०२३ साली ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरली, पण ट्रॅक सायकलिंगच्या, म्हणजे तिरप्या वळणांच्या बंद ट्रॅकवरच्या, शर्यती दिल्लीला घ्याव्या लागल्या. त्यामुळे फोंड्यात किंवा म्हापशात कुणाला ट्रॅक सायकल दाखवली की पहिला प्रश्न येतो, "हिचे ब्रेक कुठे आहेत?" ब्रेक नसतात. गिअर नसतात, फ्रीव्हीलही नसतं; मागचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरतच राहतं. जे जे काढता येईल ते काढून टाकल्यावर उरलेली ही सायकल. ती रंग न लावता टायटॅनियममध्ये घडवली, तर लपवायला कुठे जागाच राहत नाही. प्रत्येक सांधा लोकांच्या नजरेसमोर.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलचं फॅब्रिकेशन करतो. टायटॅनियमची पहिली फ्रेम पुरी व्हायला मला दोन पावसाळे लागले. टिग वेल्डिंगचा (आरगॉन गॅसच्या आडोशात, विजेच्या ठिणगीने सांधा वितळवण्याचा) हात बसलेला असेल आणि लेथ-मिलिंग मशीन वापरायला मिळत असेल, तर हे काम तुम्हालाही जमेल. हात बसलेला नसेल तर आराखडा तुम्ही करा, नळ्या तुम्ही कापून बसवा, सांधे मात्र जाणत्या वेल्डरकडून जोडून घ्या. वास्कोला जहाजं बांधली जातात. गोव्यात चांगला टिग वेल्डर शोधून सापडतो.

ती चालली पाहिजे, हे आधी ठरवा

ब्रुसेल्सच्या मेट्रोत बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याच्या नावाचं स्टेशन आहे. तिथे एक सायकल मांडून ठेवली आहे. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत मर्क्सने एका तासात ४९.४३१ किमी अंतर कापलं, ते याच सायकलवर. एर्नेस्तो कोल्नागोने ती बांधली, वजन ५.७५ किलो, हँडल चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या दुफाट्याला) जोडणारा स्टेम टायटॅनियमचा. आज लोक थांबून तिच्याकडे बघतात, कारण तिच्यावर एक माणूस तासभर जीव तोडून पायडल मारत होता. प्रदर्शनासाठी घडवताना हे मनात पक्कं असू द्या. नुसती दिसायला सायकल करायची असेल तर टायटॅनियम वाया घालवू नका.

कागदावर

ज्याच्यासाठी सायकल आहे त्याची मापं घ्या. प्रदर्शनाची असली तरी ती कुणाच्या तरी अंगाची हवी, नाहीतर प्रमाणं बिघडतात आणि बघणाऱ्याला कुठेतरी खटकतं. मग पूर्ण आकाराचं चित्र काढा. संगणकावर काढलंत तरी एकदा १:१ प्रिंट काढून भिंतीवर लावाच. चुका तिथे दिसतात.

ट्रॅक सायकलची काही मापं परंपरेने ठरलेली आहेत. मागच्या हबसाठी दोन ड्रॉपआउटमध्ये (चाकाचा आस बसतो त्या खाचांमध्ये) १२० मिमी अंतर, पुढे १०० मिमी. मागचे ड्रॉपआउट मागच्या बाजूला उघडे, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येते. २५० मीटरच्या ट्रॅकची वळणं ४२ ते ४५ अंश तिरपी असतात आणि पायडल थांबवता येत नाही. ते ट्रॅकला घासू नये म्हणून बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा (पायडलच्या दांड्यांचा) आस फिरतो तो सांधा, रस्त्याच्या सायकलीपेक्षा उंच ठेवतात. चाकांच्या मध्यरेषेपासून तो ५० ते ६० मिमी खाली असू द्या, क्रँक १६५ मिमीची. मी हेड ट्यूबचा (चिमट्याचा दांडा फिरतो त्या पुढच्या नळीचा) कोन ७४.५ अंश आणि चिमट्याचा ऑफसेट, म्हणजे त्या नळीच्या रेषेपासून चाकाचा आस जितका पुढे तितकं अंतर, ३८ मिमी धरला. २३ मिमीच्या टायरवर त्याचा ट्रेल, म्हणजे तीच रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, सुमारे ५३ मिमी येतो, म्हणजे चपळ पण हाताबाहेर न जाणारी सायकल. पुढे ४९ दात, मागे १४: पायडलच्या एका फेऱ्यात साधारण ७.३ मीटर.

चिमटा टायटॅनियमचा करायचा मोह होतो. तो टाळा. टायटॅनियमचा चिमटा पुरेसा ताठ करायचा तर जाड आणि बोजड दिसतो. ब्रेकचं भोक नसलेला कार्बनचा तयार ट्रॅक चिमटा घ्या. काळा कार्बन आणि राखी धातू शेजारी शोभतात.

नळ्या

फ्रेमसाठी ग्रेड ९ मागा: ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम, २.५ टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. ड्रॉपआउट आणि बॉटम ब्रॅकेटच्या शेलसारख्या (बाहेरच्या नळकांड्यासारख्या) मशीन करायच्या भागांना ग्रेड ५. केरळात चवऱ्याला टायटॅनियमचा स्पंज तयार होतो, हैदराबादच्या मिधानी या कंपनीत त्याच्या मिश्रधातूंचं काम चालतं. पण सायकलच्या मापाच्या पातळ, विनाजोड नळ्या चार-सहा नग हव्या असतील तर बहुतेकदा बाहेरूनच मागवाव्या लागतात. सोबत धातूचं प्रमाणपत्र घ्या.

मापं निवडताना स्टीलच्या सायकलीची नक्कल करू नका. टायटॅनियमचा ताठपणा स्टीलच्या जेमतेम निम्मा. त्याच मापाची नळी वापरली तर सायकल वळवळते. यावर उपाय म्हणजे व्यास वाढवणं, कारण नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो. २८.६ मिमीची नळी ३४.९ मिमीची केली आणि भिंत तेवढीच ठेवली, तर आकारामुळे ताठपणा सुमारे १.८ पट होतो. म्हणजे स्टीलची जवळपास बरोबरी, आणि वजन तरीही ३० टक्क्यांनी कमी. माझी निवड अशी: वरची नळी आणि सीट ट्यूब ३४.९ मिमी, खालची ४४ मिमी, भिंत ०.९ मिमी, चेन स्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या) २२.२ मिमी.

कापणं आणि बसवणं

टायटॅनियम उष्णता वाहून नेत नाही, ती सगळी पात्याच्या धारेवर साठते. म्हणून फेरे कमी, दाब ठाम, कूलंट भरपूर. होल सॉ एका जागी नुसता घासत ठेवला की धार गेलीच. भुसा लगेच गोळा करा. टायटॅनियमचा बारीक कीस पेटतो आणि पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. मशीनशेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवा. किनाऱ्यावरची खारट, ओली वाळू चालत नाही.

नळीचं तोंड दुसऱ्या नळीवर असं बसलं पाहिजे की उजेडाची रेघही आरपार दिसू नये. मशीनवर कापल्यावर शेवटचा हात कानशीचाच. मी एकेका तोंडाला अर्धा-पाऊण तास देतो. ही घाई केली तर वेल्डिंगमध्ये ती फट भरायला जास्त रॉड, जास्त उष्णता लागते आणि फ्रेम ओढली जाते. स्टीलची फ्रेम थोडी वाकडी झाली तर हळूच वाकवून सरळ करता येते. टायटॅनियम स्प्रिंगसारखं परत येतं. जे सरळ करायचं ते जिगमध्येच, म्हणजे नळ्या जागेवर घट्ट धरणाऱ्या साच्यातच. शिवाय बंद होणाऱ्या प्रत्येक नळीला सांध्याच्या आत लपेल असं भोक पाडा, त्यातून गॅस जायचा आहे.

वेल्डिंग

तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन आणि ओलाव्यातला हायड्रोजन शोषून घेतं आणि ठिसूळ होतं. वरून सांधा छान दिसेल, पण एक दिवस तडकेल. म्हणून धातू सुमारे ४०० अंशांखाली येईपर्यंत आतून-बाहेरून आरगॉनमध्येच राहिला पाहिजे.

आरगॉन ९९.९९९ टक्के शुद्धतेचा घ्या. टॉर्चला गॅस लेन्स (गॅसचा झोत सारखा ठेवणारी जाळी) आणि मोठा कप, मिनिटाला ८ ते १२ लिटर. फ्रेमच्या आत वेगळी नळी लावून सावकाश आरगॉन भरा. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून खालून सोडा आणि वरच्या भोकातून हवा बाहेर जाऊ द्या. घाई करू नका, आतली हवा पूर्ण निघून जायला वेळ लागतो. आर्क बंद केल्यावर टॉर्च जागचा हलवायचा नाही, गॅस १५-२० सेकंद तसाच वाहू द्यायचा. फिलर रॉडचं तापलेलं टोकही आरगॉनच्या बाहेर काढू नका. निघालंच तर तेवढं टोक छाटून टाका. बंद खोलीत काम करत असाल तर एक खिडकी उघडी हवी, पण वारा सांध्यावर यायला नको. आरगॉन जमिनीलगत साचतो आणि श्वास कोंडतो हे कळतही नाही.

स्वच्छतेचं मी कितीही सांगितलं तरी कमीच पडेल. सांध्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर भाग आतून-बाहेरून अ‍ॅसिटोनने पुसा. नवे, धागे न सुटणारे हातमोजे घाला आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. स्टेनलेसचा ब्रश फक्त टायटॅनियमसाठी वेगळा ठेवा. लोखंडावर फिरवलेला ब्रश वापरलात तर त्याचे कण रुततात आणि आपल्या खाऱ्या हवेत आठवड्याभरात तांबूस ठिपके उठतात. लोकांना वाटतं टायटॅनियम गंजलं. टायटॅनियम समुद्राच्या पाण्यातही गंजत नाही.

सांधा कसा झाला ते रंग सांगतो. चांदीसारखा लखलखीत असेल तर उत्तम. फिकट सोनेरी चालेल. निळा-जांभळा आला की गॅस कुठेतरी कमी पडला. राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर सांधा कापून काढायचा. माझा बॉटम ब्रॅकेटचा पहिला सांधा जुलैत, मुसळधार पावसात केला. चांदीची रेघ निम्म्यापर्यंत आली आणि पुढे तिला निळसर कड धरत गेली, जशी आगीवर ठेवलेल्या पातेल्याच्या बुडाला धरते. सिलिंडर तपासला, कप बदलला. शेवटी साबणाचं पाणी लावल्यावर गॅसच्या रबरी नळीच्या जोडाशी बारीक बुडबुडे दिसले. ते शेल आणि ती नळी दोन्ही फेकावी लागली. तेव्हापासून रोज पहिल्या आर्कआधी साबणाचं पाणी फिरवतो, एका भंगार तुकड्यावर आधी ठिपका मारून रंग बघतो, आणि पावसाळ्यात एसी लावून खोली कोरडी झाल्याशिवाय हात लावत नाही.

आधी चारी बाजूंना टॅक (सांधा जागेवर धरणारे छोटे ठिपके), मग रॉड न घालता एक फेरा, मग रॉडचा फेरा. एका बाजूला पाव भाग झाला की समोरच्या बाजूला जा, म्हणजे ओढ सारखी बसते. घाई केली नाही तर नाण्यांची चळत आडवी पडल्यासारखी नक्षी आपोआप उमटते. वेल्डिंगनंतर ती घासून सपाट करू नका, तीच तर लोकांना दाखवायची आहे.

थंड झाल्यावर बॉटम ब्रॅकेटचे आटे टॅपने साफ करा, उजव्या बाजूचे आटे उलटे असतात हे विसरू नका. हेड ट्यूब आणि सीट ट्यूब आतून रीम करा, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करून घ्या. टायटॅनियमचे आटे एकमेकांना धरून बसतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी अँटी-सीझ (आटे अडकू न देणारी पेस्ट) लावूनच फिरवा.

रंगाविना रंग

बहुतेक फ्रेम मी स्कॉच-ब्राइटने एकाच दिशेला घासून तशीच ठेवतो. पण एक पट्टा खास करायचा असेल तर अ‍ॅनोडायझिंग करा. यात रंग नसतोच. विजेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर वाढतो आणि थर जितका जाड तसा प्रकाश वेगळा रंग दाखवतो, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखा. सुमारे २५-३० व्होल्टला गडद निळा, ५५-६० ला सोनेरी, ७५ च्या आसपास गुलाबी-जांभळा. ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात भिजवलेलं फडकं स्टेनलेसच्या पट्टीला गुंडाळून ऋण टोकाला जोडा, फ्रेम धन टोकाला. डीसी वीज आहे, या व्होल्टला जीव जाऊ शकतो. रबरी हातमोजे घाला आणि विजेचं बटण पायाशी ठेवा.

मी पेडणे बाजूच्या जुन्या देवळांच्या भिंतींवरच्या कावी चित्रांतली वेल घेतली. कावीत लाल थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. इथेही तसंच झाकण्या-उघडण्याचं काम आहे, फक्त क्रम नीट ठेवा. आधी विनाइल चिकटवून फक्त वेल उघडी ठेवा आणि जास्त व्होल्टचा रंग द्या. मग विनाइल काढून पूर्ण पट्ट्यावर कमी व्होल्ट फिरवा. आधीचा थर जाड असल्याने कमी व्होल्ट त्याला काही करत नाही. गुलाबी वेल, निळी जमीन. उलटा क्रम लावलात तर निळ्याचाही गुलाबी होऊन सगळं एकच होतं.

मांडणी

चतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळा-पानांची चौकट, डोक्यावर असते, म्हणून आपण मान वर करून एकेक फळ निरखतो. सायकलही तशीच टांगा: बॉटम ब्रॅकेट डोळ्यांच्या उंचीला, दोन बारीक स्टीलच्या तारा. दिवा समोरून नको. बाजूने, खालच्या कोनात हवा, म्हणजे सांध्याच्या लाटा उठून दिसतात. शेजारच्या टेबलावर एक नमुना सांधा मधोमध कापून ठेवा आणि लोकांना हातात घेऊ द्या. आतली बाजूही चांदीसारखीच आहे हे स्वतः बघितल्यावर माणसं पुन्हा सायकलीकडे वळतात आणि या वेळी बराच वेळ थांबतात.

अ‍ॅनोडाइझ केलेल्या पट्ट्यावर बोटांचं तेल लागलं की रंग मळकट दिसतो. रोज सकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि दारं उघडण्याआधी मागचं चाक चामड्याच्या पट्ट्याने फ्रेमला बांधा. फ्रीव्हील नसलेल्या सायकलीचं चाक एखाद्या मुलाने हौसेने फिरवलं की चेन आणि दाते त्याच्याबरोबर फिरतात, आणि मुलांची बोटं नेमकी तिथेच जातात.